बांधाच्या अलीकडे

१२ नोव्हेंबर १९९५
दिल्लीहून विमान उडवायची परवानगी आली. भारतनं माझ्या दुकानात सगळ्यांना पेढे वाटले. मीही एक घेतला. कागदात गुंडाळून खिशात ठेवला.

दोन वर्षं वाट बघितली या कागदाची. बेंगळूरहून सुट्या भागांच्या पेट्या आल्या तेव्हा सगळं सिरसाळा गाव हसलं होतं. 'पंपाच्या मोटारी भरणारा केदारनाथ आता विमान भरणार म्हणं!' भारत तेवढा हसला नाही. शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी नळ्या जोडल्या, पंखांवर कापड ताणलं, सीटच्या मागं इंजिन बसवलं. यंदा तर त्यानं रस्त्याकडचं रान पेरलंच नाही. रोलर फिरवून सपाट केलं. 'धावपट्टी म्हणायचं याला,' असं घरी सांगतो. त्याची बायको छबुबाई ऐकून घेते.

सगळं तयार आहे. आता सबब उरली नाही.

१९ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा जोरात पळवलं. भारत रानाच्या पार शेवटी, बांधावर उभा. निम्म्यात आलो तसं हादरणं थांबलं — चाकं हलकी झाली. आता दांडी नुसती मागं घ्यायची, की विमान वर. बेंगळूरला पंधरा दिवस शिकलो तेव्हा हे कितीदा केलं. पण तिथं मागच्या सीटवर शिकवणारे साहेब असायचे. आज मागं कोणी नव्हतं.

हातानं थ्रॉटल बंद केला. मी नाही, हातानं.

भारत पळत आला. 'काय झालं बे?'
'इंजिन दम टाकतंय.'
'बरं,' म्हणाला. इंजिनाकडं त्यानं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

२० नोव्हेंबर
कार्ब्युरेटर खोलला. त्याला काहीही झालेलं नव्हतं. पुसून परत बसवला.

३ डिसेंबर
पुन्हा तेच. चाकं हलकी झाली की हात थ्रॉटल बंद करतो. 'वारा आडवा हाय,' म्हणालो. पलीकडच्या रानात कुणीतरी पाचोळा पेटवला होता. धूर सरळ वर चाललेला. भारतलाही दिसत असणार.

१७ डिसेंबर
परळीला वैजनाथाला जाऊन आलो. रांगेत उभं राहून एकच मागितलं — ही भीती जाऊ दे. घरी आल्यावर गंगासागर म्हणाली, 'तुमी धड जेवत न्हाई आजकाल. काय हुतंय?' बायकोला काय सांगणार? काही नाही म्हणालो. तिनं भाकरी झाकून ठेवली.

विमानात खोट नाही. तेच वाईट. खोट असती तर दुरुस्त केली असती.

२ जानेवारी १९९६
आप्पाराव दुकानात आले. गावातलं मोठं प्रस्थ, निवडणूक त्यांना विचारून होते. खुर्चीवर न बसताच म्हणाले, 'केदारनाथ, सव्वीस जानेवारीला उडवायचं. झेंडावंदन झालं की लगेच. मी पाव्हणे बोलावलेत, मंडप टाकतो.' विचारलं नाही, सांगितलं.

भारत स्टुलावर बसलेला. 'येवढी घाई कावून करता, आप्पा?'
'घाई? आरं, दीड महिना झालं परवानगी यिऊन. गाव इचारतंय.'

मी मान हलवली. होय म्हणून.

११ जानेवारी
डाव्या पंखाचे बोल्ट काढून परत बसवले. गेल्या आठवड्यातही काढले होते.

१८ जानेवारी
एसटी स्टँडवर, न्हाव्याकडं, पिठाच्या गिरणीत — सगळीकडं तेच. 'सव्वीसला ना?' मी हसून होय म्हणतो. स्वतःचं हसणं कानावर येतं तेव्हा किळस येते.

एक्केचाळीस वर्षांचा झालो. उडण्याशिवाय दुसरं काही मागितलं नव्हतं. विमानाचा आवाज आला की हातातलं टाकून बाहेर पळायचो, अजून पळतो. वर जायची वेळ आली तेव्हा कळलं, मला खालून बघायचंच वेड होतं. हे कळायला दोन वर्षं घालवली, आणि दुसऱ्याचं रान पडीक पाडलं.

२३ जानेवारी
मंडपाचे बांबू येऊन पडले. भारतला सांगून टाकायला गेलो. खरंच त्यासाठीच गेलो. तो विमानाच्या चाकात हवा भरत होता. शेजारी उकिडवा बसलो. 'भारत —' म्हणालो. त्यानं पंप थांबवला, वाट बघितली.

'हवा जास्त भरू नको,' म्हणालो आणि उठलो.

मागनं त्याची हाक आली. 'केदार, झोप जरा. लई वाळलास.'

२५ जानेवारी
सकाळी पूजेला बसलो होतो. दारात कुणीतरी ओरडलं — विमान पडलं!

पळत गेलो. पडलं नव्हतं. उडलंच नव्हतं. रानाच्या शेवटी बांधात नाक खुपसून उभं. डावा पंख मधून मोडलेला, नळ्या पिळवटलेल्या, इंजिन लोंबतंय. भारत बाजूला जमिनीवर, उजवा पाय भलतीकडंच वळलेला. शुद्धीवर होता. इंजिन सुरू करायला त्याला मीच शिकवलं होतं.

पहिल्यांदा काय वाटलं ते इथं तरी खरं लिहितो. वाटलं, सुटलो. फार बरं वाटलं. मग त्याची लाज वाटली. आणि लाजेचा सगळा राग भारतवर काढला. मंडपवाले, आप्पाराव, सारं गाव उभं होतं. 'तुला कुणी सांगितलतं हात लावायला? नांगर हाय का ते?' लोक हसले. मी थांबलो नाही, अजून बोललो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छाती काढून बोलत होतो.

'चुकलं,' एवढंच म्हणाला तो.

आप्पारावांच्या जीपमधून त्याला अंबाजोगाईला नेलं. मी गेलो नाही.

२६ जानेवारी
मंडप सोडला. लोक दुकानात येऊन हळहळतात. 'तुमची मेहनत मातीत घातली त्यानं.' चहा पाजतात मला. मी पितो.

२७ जानेवारी
दवाखान्यात गेलो. छबुबाई माझ्याकडं न बघता बाहेर निघून गेली. भारतचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. डॉक्टर म्हणतात, थोडा लंगडेल.

'एकट्यानं उडवायला निघालतास व्हय?' मी विचारलं.

'उडवायला कोण निघालतं बे. मला कुठं येतंय? बांध चांगला दिसत हुता मला.'

मग डोळे मिटून म्हणाला, 'मोडलं आता. आता तुला कुणी इचारणार न्हाई.'