खाटेच्या नवारीचा पट्टा

३ फेब्रु. २००३, सोमवार
हुबळीला जाताना नवलूरच्या अलीकडे म्हैस आडवी आली. ब्रेक दाबला. गाडी थांबली, म्हैस थांबली, हे मात्र थांबले नाहीत. सीटवरून पुढे घसरले आणि कपाळ डॅशबोर्डवर आपटलं. पट्टा लावलेला होता. कडेनं उसवत आलाय हे महिनाभर दिसत होतं, आज कमरेपाशी टर्रकन फाटला. डावा हात त्यांनी पुढे केला, पण उशीर झाला. उजवा तर ऑक्टोबरपासून मांडीवर नुसता ठेवलेला.

टेंगूळ आलं. रक्त नाही. हे शांत. मागून ट्रकवाला हॉर्न वाजवत होता, तरी दोन मिनिटं गिअर सापडेना.

हुबळीला फिजिओच्या डॉक्टरांनी विचारलं, तर मी म्हटलं, "घरात दाराची चौकट लागली." ह्यांनी माझ्याकडे नुसतं बघितलं. खोटं बोलताना साक्षीदार समोर असला की जीभ जड होते.

संध्याकाळी नितीनचा पुण्याहून फोन. "आई, अप्पा कसे आहेत? गाडी जपून चालव." म्हटलं, सगळं व्यवस्थित. त्याला कळलं तर गाडी विकायला लावेल आणि आम्हाला उचलून पुण्याला नेईल.

४ फेब्रु.
सकाळी पट्टा नीट पाहिला. बारा वर्षं तो दारात चेमटत आलाय. शिवाय त्याच सीटवर गॅसचं सिलिंडर बसवून ह्याच पट्ट्यानं बांधून आणायचे हे. सिलिंडरला पट्टा आणि बायकोला नाही, असं मी चिडवायची. ड्रायव्हरच्या बाजूचा मात्र कोरा करकरीत, कारण साहेबांनी तो जन्मात लावला नाही. अर्धांगाचा झटका यायच्या आदल्या दिवशीसुद्धा नाही.

आता पट्टा नसेल तर हे सरळ बसूच शकत नाहीत. अंग उजवीकडे, म्हणजे माझ्या गिअरच्या हातावर कलतं. मधे उशी ठेवते, पण खांदा धरायला पट्टाच लागतो. आणि सोमवार-गुरुवार हुबळी चुकवायची नाही. डॉक्टरांनी बजावलंय, हे सहा महिने हातचे गेले तर बोटं वळतील ती वळतीलच.

६ फेब्रु., गुरुवार
भाड्याची गाडी बोलावली. पट्टे कुठायत विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, "सीट कव्हरच्या खाली आहेत बघा अक्का, शिवून टाकल्यात. गिऱ्हाइकाला टोचतात." परत पाठवली. आजची खेप बुडाली. ह्यांनी दोनदा घड्याळाकडे बोट केलं. मी स्वयंपाकघरात काम काढलं.

८ फेब्रु., शनि.
सुचलं. माळ्यावर जुन्या खाटेची नवार होती. मापली, रुंदी पट्ट्याशी तंतोतंत. गणिताची बाई असल्याचा एवढा तरी उपयोग. धुतली, काळ्या रंगात उकळली, वाळवली. मशिनला जाड सुई लावली, जुन्या पट्ट्याची बकलात अडकणारी जीभ आणि खालची कडी काढून चौकोनात चार-चार टिपा मारल्या. सुई दोनदा मोडली. बसवल्यावर हुबेहूब. स्वतःहून आत जात नाही एवढंच, गाठीनं लांबी कमी-जास्त करायची.

ह्यांना आणून दाखवला. आयुष्यभर पाटबंधाऱ्याच्या भिंती तपासलेला माणूस. बोटानं टीप चाचपली, "हां" म्हणाले. फार दिवसांनी कुणी शाबासकी दिली.

१० फेब्रु., सोम.
गेलो, आलो. पट्टा धरतो. उणकलला पोलिस वाकून आत बघत होता, हात केला, जा म्हणाला. परतताना मी गुणगुणत होते. हे म्हणाले, "साक." पुरे. झटक्यानंतर ह्यांचं कन्नड आधी परत आलं, ऑफिसातलं. साक, ब्याड म्हणजे नको, निल्लस म्हणजे थांबव. मराठी अजून एक शब्द नाही. डॉ. म्हणतात येईल, घाई करू नका. तीस वर्षं ज्या भाषेत माझ्याशी भांडले तीच नेमकी गेली. मला रोज वाईट वाटतं आणि रोज मी ते हसण्यावारी नेते.

१३ फेब्रु., गुरु.
गेलो, आलो. काही विशेष नाही. काही विशेष नाही हेच हवंय.

१७ फेब्रु., सोम.
घामानं नवारीचा रंग सुटला. ह्यांच्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत काळं जानवं. डॉक्टर हसले, हेही हसले, डाव्या अंगानं. शर्ट गेला.

२० फेब्रु., गुरु.
क्लच जड लागत होता, म्हणून परतताना मौलाली मेस्त्रींच्या गॅरेजवर थांबले. ह्यांच्या वेळेपासूनचे मेस्त्री. ह्यांना पाणी दिलं, झाडाखाली खुर्चीत बसवलं, मग गाडीत वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"टीचर, हे कुणी केलं?"
"मी."
"खाटेची नवार आहे न्हवं ही?"
"होय. मजबूत आहे. चार टिपा आहेत."
त्यांनी एक पाय दाराच्या चौकटीला लावला, पट्टा दोन हातांनी धरला आणि हिसका दिला. काही झालं नाही. मला वाटलं, बघा. दुसऱ्या हिसक्याला टीप गेली, सगळी, एका दमात. जीभ त्यांच्या हातात आणि नवार माझ्या पायापाशी.
"अक्का, हे झोपायला चांगलं. कापूस आहे, त्यात उकळलेला. साहेबांचं वजन गाडीच्या वेगानं येतं, माझ्या हातानं नाही."

१०, १३, १७, २०. चार खेपा. येताजाता आठ वेळा मी ह्यांना कापडाच्या भरवशावर त्या रस्त्यानं नेलं, आणि वर गाणी म्हटली. अक्षर बघ कसं आलंय.

(घरी कसं आणलं: मेस्त्रींनी स्वतः गाडी चालवली. मी मागे बसून दोन्ही हातांनी ह्यांचे खांदे धरले.)

२१ फेब्रु.
हुबळीत कोप्पीकर रोडवर तीन दुकानं. इतक्या जुन्या गाडीचा पट्टा कुणी ठेवत नाही. तिसरा म्हणाला, बेंगळूरहून मागवतो, बारा-पंधरा दिवस धरा. एकच मिळेल, कुठल्याही बाजूला बसणारा. मागवला.

तोवर भंगारातला घालू का, म्हणून मेस्त्रींना फोन केला. अपघातातल्या गाडीची वस्तू आपल्या गाडीत नको, असं सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या. मला तसलं काही वाटत नाही. मेस्त्री म्हणाले, "तसलं मलाही वाटत नाही. पण ज्या पट्ट्यानं एकदा माणूस अडवला, त्याचं काम संपलं. आतून ताणून गेलेला असतो. वरून नवा दिसतो." म्हणजे सासूबाई बरोबरच, कारण तेवढं वेगळं.

२२ फेब्रु., शनि.
माझ्या बाजूचा कोरा आहे. तो ह्यांच्या बाजूला बसवा म्हटलं.
"आणि तुम्ही?"
"मला धरायला स्टिअरिंग आहे."
"तेच छातीत बसतं, टीचर."
तासभर नाही-होय चाललं. शेवटी लोखंडाची पट्टी कापून, भोकं पाडून बसवला. हिसके देऊन पाहिले, दर वेळी खट्कन अडकतो. आता तो खरा आहे.

दुपारी नवार पुन्हा शिवली आणि माझ्या बाजूला लावली. रिकामं दिसलं असतं तर ह्यांच्या लक्षात आलं असतं. ह्यांना सांगितलं, तुमच्यासाठी नवीन आणलाय.

२४ फेब्रु., सोम.
नवलूरला मुद्दाम जरा जोरात ब्रेक दाबला. हे जागच्या जागी. इतकं हलकं वाटलं की रडू आलं, ते धुळीवर ढकललं.

परतताना दुसरंच डोक्यात शिरलं. काही झालं आणि मी गेले, तर हे त्या पट्ट्यात बसून राहतील. उजव्या हाताखालचं बटण डाव्या हातानं दाबता येतं का, विचारलंच नव्हतं. घरी येऊन करून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं. मग रोज दहा वेळा करायला लावायचं ठरवलं.

२७ फेब्रु., गुरु.
बटणाचा सराव इतका अंगी लागला की मला महागात पडला.

उणकलच्या तळ्याशी गाडी थांबवली, ह्यांना पाणी हवं होतं. बाटली घ्यायला मी वाकले तेवढ्यात ह्यांनी आपला पट्टा सोडला, वळले आणि डाव्या हातानं माझा धरून ओढला. हातभर सैल नवार त्यांच्या मांडीवर आली. ती तिथेच पडून राहिली, आत जाईना. बराच वेळ बघत होते. माझ्या खांद्यावरचा काळा डाग पाहिला. मग माझ्या बाजूच्या खांबावर, मूळ पट्टा जिथून काढला ते वरचं रिकामं भोक शोधून त्यात बोट घातलं.

"सुळ्ळ," म्हणाले. खोटं.

मी म्हटलं, पंधरा दिवसांचा प्रश्न आहे. म्हटलं, मी हळू चालवते. म्हटलं, तुम्ही बारा वर्षं पट्ट्याशिवाय चालवलीत तेव्हा मी काही म्हटलं का? हे शेवटचं बोलायला नको होतं. बोलले.

३ मार्च, सोम.
साडेनऊला गाडीत बसवलं. पट्टा लावला. ह्यांनी सोडला. लावला. सोडला. तिसऱ्यांदा मी बटणावर हात धरून ठेवला, तर माझ्या मनगटावर हात ठेवून नुसते म्हणाले, "ब्याड." जोर अजिबात नव्हता, उलट मीच ढकलल्यासारखा हात काढला. परत घरात.

मी चिडले. दुपारभर भांडी आपटली. तुम्हाला बरं व्हायचंच नाही, असंही बोलले. ह्यांनी ऐकून घेतलं. उत्तर द्यायला शब्द नाहीत हे माहीत असून मी बोलत राहिले. ह्याची लाज वाटते.

५ मार्च
दुकानात गेले. पार्सल आलं, आत भलत्याच गाडीचा पट्टा. परत पाठवतात, सोमवारी दुपारी दुसरा येईल म्हणे. नक्की का, तर "येईल की हो बाई."

६ मार्च, गुरु.
ह्यांनी गाडीकडे यायलाच नकार दिला. डॉक्टरांना फोन केला. दोन खेपा बुडाल्या हे सांगितलं. म्हणाले, सोमवारी सकाळी दहाला काहीही करून आणा. मंगळवारपासून मी पंधरा दिवस गावी नाही, आणि बोटांना फळी बांधायची आहे ती मलाच बांधावी लागेल. आता सोडलं तर मूठ उघडायची नाही.
घरी येऊन बांधाल का विचारलं. सकाळी आठपासून पेशंट आहेत, म्हणाले. त्यांचंही बरोबर.

८ मार्च, शनि.
मौलाली मेस्त्री येऊन गेले, मीच बोलावलं होतं. सोमवारी तुम्ही चालवा म्हटलं. ते म्हणाले, "चालवतो की. पण साहेब विचारतील, ह्याला पट्टा कुठाय. मग?" ह्यांना विचारलं. ह्यांनी मेस्त्रींकडे बोट केलं, मग रिकाम्या भोकाच्या दिशेनं, आणि मान हलवली. पट्ट्याशिवाय कुणीच नाही. माझ्यासाठीच अडून बसलेत असं मला उगीच वाटत होतं. तेवढा गर्व उतरला, आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.
मेस्त्री जाताना म्हणाले, "भिंती तपासून तपासून असे झालेत."

९ मार्च, रविवार
आंघोळ घालताना ह्यांची मूठ उघडायला गेले. महिन्यापूर्वी माझी तीन बोटं आत जायची. आज एक, तेही साबण लावून. आत तळहात पांढरा पडलाय, नखांच्या खुणा.

टॉवेल गुंडाळून खिडकीशी बसवलं आणि समोर स्टूल घेऊन बसले. ठरवलं, वर्गात विचारते तसं सरळ विचारायचं. म्हटलं, उद्या दहाला जायचंय. तुमचा पट्टा खरा आहे. माझा दुपारी येणार, म्हणजे उद्या सकाळी नसणार. तुम्ही बसाल का?

ओठ जुळवत होते. मला वाटलं, ब्याड.

"तुला?"

ऐकलं आणि कळलंच नाही, इतकं साधं म्हणाले. पाच महिन्यांतला पहिला मराठी शब्द. मी पाय धरून रडले, आणि ते डोक्यावर डावा हात ठेवून वाट बघत होते. कारण त्यांनी प्रश्न विचारला होता आणि उत्तर आलं नव्हतं. "तुला?" पुन्हा. ह्या वेळी जरा अधिकारानं, पूर्वीसारखं.

मला नाही, असं खरं सांगितलं तर उद्या हे बसत नाहीत. आहे, असं सांगितलं तर गाडीत बसल्यावर हात घालून ओढून बघतील. मी "शर्ट घालू या" म्हणून उठले.

नितीनला फोन लावला, लागला नाही. दुकान आज बंद. ह्यांची मूठ मांडीवर तशीच, आणि मी खोलीत शिरले की मान वर करून माझ्याकडे बघतात. उद्या साडेनऊला निघावं लागेल.