एका दिवसापुरता ताप

मामा,

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू आधी त्यातले ऱ्हस्व-दीर्घ तपासशील, आणि मीही आधी त्यांचीच माफी मागेन.

काल मावशीच्या तोंडून निघून गेलं. आईला दवाखान्यात नेलं त्या सकाळीच डॉक्टरांनी तुला सांगितलं होतं, की ती उद्याचा दिवस काढणार नाही.

आणि तू घरी येऊन मला म्हणालास, "इफेमरल ताप आहे. अर्थ सांग बघू."

"नाही माहीत. मी येऊ दवाखान्यात?"

"ग्रीक शब्द. एका दिवसापुरता. आधी तापालाच म्हणायचे, मग एका दिवसात मरणाऱ्या किड्यांना. तू येऊन काय दिवे लावणार? पाठ कर."

मी पाठ केला. शाळेत जायच्या आधीपासून मला प्रत्येक शब्द तूच शिकवलास, मग शंका कशी घेणार? दुसऱ्या दिवशी आईला शेवटचं घरी आणलं तेव्हाही मी तुला अर्थ म्हणून दाखवायला दारात उभी होते.

लोक दुसऱ्याला मामा बनवतात. तू मामा असून भाचीला बनवलंस.

तरी आज मी शब्दकोश उघडला. तुझा अर्थच चुकला असेल अशी आशा होती. चूक असती तर सोडून दिली असती. माझ्या कितीतरी चुका तू सोडून दिल्यास. पण सगळं बरोबर निघालं, आधी ताप, मग किडे.

म्हणजे तू शब्द नेमका वापरलास. फक्त एका दिवसापुरतं जे उरलं होतं तो ताप नव्हता, ती आई होती.

तुझी भाची,
जिला तो शब्द अजून पाठ आहे