सुवर्णाच्या मांडीवरचा हात

६ जानेवारी २०२५, सोमवार

आज पुन्हा अर्धीच भाकरी! विचारलं तर सुवर्णा म्हणते, अख्खी वाढली होती. मग तिनं थाळी गरकन फिरवली, आणि काय — उरलेली अर्धी भाकरी हजर, वर ठेचासुद्धा! वीस वर्षं कापडाचे लूम दुरुस्त केले मी. बायकोची हातचलाखी मला कळणार नाही होय? मी बोललो म्हणून परत आली ती भाकरी. नाहीतर गेलीच होती गोपालच्या पोटात.

गोपाल म्हणजे माझाच चेला. त्याला इथे सुरतेला, डिंडोलीत मी आणला, कारखान्यात मी चिकटवला, लूमचा आवाज ऐकून बिघाड ओळखायला मी शिकवलं. मी आजारी पडलो आणि हा माझ्या जागेवर मास्तर झाला. आता रोज संध्याकाळी ‘मास्तरांची तब्येत बघायला’ येतो. तब्येत कुणाची बघतो ते मला ठाऊक आहे.

८ जानेवारी, बुधवार

ही वही प्रियांका मॅडमनी दिलीय. व्यायाम घेते ती मुलगी. नवागामची, मराठी घरातली, पण बोलते अर्धं गुजराती. ‘काका, रोज लिहा. पानाच्या डाव्या कडेपासून सुरू करा.’ कडेपासूनच तर लिहितो! तिला पानाच्या मधूनच लिहिल्यासारखं दिसतं. तिलाच चष्मा हवाय.

डॉक्टर काय म्हणाले तेही लिहून ठेवतो. दिवाळीनंतर कारखान्यात कोसळलो तेव्हा मेंदूत उजवीकडे रक्ताची गाठ अडकली. त्यामुळे डावीकडे लक्षच जात नाही म्हणे. हात-पाय डावीकडचे लुळे. डोळे मात्र ठीक आहेत. आता बघा — डोळे ठीक आहेत, हे ते स्वतःच म्हणाले! पायही ओढत का होईना चालतो. लुळं काय आहे ते मला तरी अजून सापडलेलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

आज व्यायामाच्या ठिकाणी त्यांनी डोळ्यांवर एक काळा डबा चढवला. आत अख्खं गाव! रस्ता, चौक, दुकानं, दुधाची गाडी, झाडाखाली कुत्रं. गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसायचं, उजव्या हातात बटणवाला दांडा. मान वळवली की गाव वळतं, बटण दाबलं की आपण चालतो. काम एवढंच — घरातून निघायचं, औषधाच्या दुकानात जायचं, परत यायचं.

छान चाललो की! त्या गावात पाय ओढावा लागत नाही. पण दुकान काही येईना. तीच दुधाची गाडी, तेच कुत्रं, पुन्हा तीच गाडी. मी म्हटलं, ‘मॅडम, तुमच्या गावात डावीकडे गल्लीच नाही.’ ती म्हणाली, ‘छे ने काका, चार छे.’ चार आहेत म्हणे!

आणि मग हसणं ऐकू आलं. डब्याच्या बाहेरून. सुवर्णाचं आणि गोपालचं. मी जे बघतो ते भिंतीवरच्या टीव्हीत दिसतं म्हणे. मी आत अंधारात चकरा मारतोय आणि ही दोघं बाहेर शेजारीशेजारी बसून माझा तमाशा बघतायत! अंगाचा तिळपापड झाला. डबा काढून फेकणारच होतो. महागाचा असेल म्हणून नाही फेकला.

१३ जानेवारी, सोमवार. पौर्णिमा

घरी सत्यनारायण घातला. सुवर्णा माझ्या उजव्या हाताला बसली, हाताला हात लावून. हिरवं लुगडं, नथ, सगळं. किती दिवसांनी दिसली! दोन तास नजरेसमोर. मला वाटलं, सुटलो.

पूजा आटोपली, भटजी गेले, आणि ही गायब. आवाज येतो, बांगड्या वाजतात, बाई दिसत नाही. चार लोकांसमोर नवऱ्याजवळ बसायचं आणि लोक गेले की तोंड फिरवायचं — हे कुठलं वागणं? शेजारच्या शोभाबाई म्हणाल्या, ‘पूजाले बायको उजवीकडे ऱ्हास, बाकी टाइमले डावीकडेच ना भाऊ. रीतच शे.’ रीत मला सांगतात! रीत आहे तर मग बाई कुठे आहे?

१४ जानेवारी, मंगळवार. उत्तरायण

गच्चीवर खुर्ची टाकून बसवलं. यंदा अर्ध्याच आभाळात पतंग. लोकांचा उत्साहच गेलाय. कुठूनतरी गोपालनं पतंग कापला आणि सुवर्णा ओरडली, ‘काप्यो छे!’ माझ्या पतंगाला कधी एवढी ओरडली नव्हती.

१८ जानेवारी, शनिवार

लिहू की नको? लिहितो. या पानाशिवाय मी सांगणार कुणाला?

दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर सुवर्णा खाटेवर माझ्यावर वाकून बसलेली. आणि तिच्या मांडीवर एक हात. पुरुषाचा! सावळा, जाड बोटांचा, मनगटावर केस. अशी बोटं मशिनवर काम करून होतात, कारकुनाची नव्हेत. ती त्याला तेल चोळत होती. एकेक बोट वेगळं करून, नखापर्यंत. तोंडानं काहीतरी गुणगुणतही होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं एक बोट कधी असं हातात घेतलं नाही तिनं. त्या हातावर जीव ओवाळून टाकावा अशी बसली होती.

मी ओरडलो, ‘हाऊ कोना हात शे?’

ती दचकली. ‘आहो, तुमनाच शे ना!’ आणि रडायला लागली. चोरी पकडली गेली की रडणारच.

माझा हात माझ्याजवळ आहे. हा काय, लिहितोय! बाकीचा माणूस दिसला नाही एवढं खरं. त्याला लपायला वेळ मिळाला असेल, हात काढून घ्यायला नसेल मिळाला.

१९ जानेवारी, रविवार

जळतो मी. स्वतःशी कशाला खोटं बोलू? ती रडली त्याचं वाईट वाटत नाही. त्या तेलाचं वाटतं.

२१ जानेवारी, मंगळवार

खाट वळवा म्हटलं, म्हणजे दार माझ्यासमोर येईल, कोण येतं-जातं ते कळेल. तर सुवर्णा ऐकत नाही. ‘मॅडमनी सांगं शे, दार डावीकडेच पाहिजे, म्हंजे तुम्ही मान वळावशात.’ म्हणजे मॅडमलाही हिनं आपल्या बाजूला ओढलं! गोपाल येतो तेव्हा आधी आवाज येतो, मग चहाचा कप वाजतो, मग ती हसते. तो कधी आला, किती जवळ बसला, काही कळत नाही. आज मी विचारलं, ‘तू कुठे बसलायस?’ म्हणाला, ‘मास्तर, तुमना जोडेच.’ माझ्या जवळ कुणी नव्हतं.

मॅडमनी आज काळ्या डब्यातल्या गावाचा नकाशा दाखवला, वरून बघितल्यासारखा. मी कुठून कुठे गेलो त्याची निळी रेघ. सगळी रेघ उजवीकडे वळत वळत गुंडाळलेली, चाकावर दोरा गुंडाळावा तशी. मशीन खोटं बोलत नाही हे मी मानतो.

मग तिनं युक्ती दिली. त्या गावात दर चौकाच्या डाव्या कडेला तिनं एक लाल पट्टी लावलीय. चौक आला की ती पट्टी दिसेपर्यंत मान वळवायची, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. पट्टी दिसली की मगच बटण. आणि खरंच, गल्ली निघाली! एक नाही, चार!

२५ जानेवारी, शनिवार

औषधाचं दुकान सापडलं. देऊळ सापडलं. परत घरही सापडलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

मला ते गाव आवडायला लागलंय. तिथे मी एकटा, दोन पायांवर, दांडा एका हातात. आत बघितलं तर हातही एकच दिसतो, निळ्या हातमोज्यातला. एका हातानं सगळं जमतं. तिथे गोपाल नाही. सुवर्णाही नाही, पण तिचा आवाज आभाळातून येतो, ‘तठे, तठे, डावीकडे!’ वळलो की ‘हां!’ म्हणते. तेवढ्या एका ‘हां’साठी मी आज तीन फेऱ्या जास्त मारल्या. मग गोपाल बाहेरून म्हणाला, ‘वा मास्तर!’ आणि सगळं तोंड कडू झालं.

२७ जानेवारी, सोमवार

हात आज पुन्हा आला होता. तीच वेळ, तेच तेल.

३० जानेवारी, गुरुवार

डब्यातल्या गावात माझी परीक्षा घेतली. वीसपैकी अठरा! कागद छापून दिला. प्रियांका मॅडम लगेच म्हणाली, ‘काका, इथे जमलं म्हणजे घरी जमेलच असं नहीं. घरी लाल पट्टी नसते.’ सुवर्णानंच शिकवलं असणार तिला तसं बोलायला.

मी साधा हिशेब मांडला. डोळे ठीक, डॉक्टर म्हणतात. डावं ठीक, मशीन म्हणतं. मग मी तिच्या मांडीवर परक्याचा हात बघितला तो बघितलाच. आता कुणी मला ‘आजारामुळे तसं वाटतं’ म्हणूनच दाखवू दे.

सुवर्णाच्या भावाला फोन केला. योगेंद्र, कामरेजला असतो, ट्रॅक्टरच्या गॅरेजात. म्हटलं रविवारी ये, बहिणीला न्यायची तयारी ठेवून ये. कारण? आल्यावर सांगतो.

३१ जानेवारी, शुक्रवार

सकाळी कुणाला न सांगता काठी घेऊन निघालो. कोपऱ्यावरून दूध आणायचं, एवढंच. सगळ्यांना दाखवायचं होतं. फाटकातून बाहेर पडलो आणि दुकानच नाही! इतक्या वर्षांचं दुकान एका रात्रीत हलवलं? वळलो, पुन्हा वळलो, एका हातगाडीला धडकलो. शिव्या खाल्ल्या. शेवटी कुठल्या तरी भिंतीपाशी बसलो तेव्हा समोर मोटरसायकल थांबली — गोपाल! इतक्या मोठ्या सुरतेत नेमका गोपालच कसा सापडतो मला? माझ्यावर पाळत ठेवतो तो. गाडीवर बसवलं, घरी आणलं. सुवर्णा दारात त्याला म्हणाली, ‘तू व्हतास म्हनीसन बरं व्हयनं.’ म्हणजे तो होता म्हणून. मी कोण?

२ फेब्रुवारी, रविवार

झालं एकदाचं.

योगेंद्र दुपारी आला. त्याला समोर बसवलं, वीसपैकी अठराचा कागद हातात दिला, आणि मग सगळं सांगितलं. हात, तेल, भाकरी, हसणं. गोपाललाही बोलावून घेतलं होतं. त्याच्या तोंडावर म्हटलं, ‘दाखव तुझा हात!’ त्यानं दोन्ही पुढे केले. मी म्हटलं, हेच ते. खरं तर बोटं जरा बारीक वाटली. पण तोंडून निघून गेलं होतं.

योगेंद्र म्हणाला, ‘पाव्हणा, काय बोली राहिनात, डोकं ठिकाणावर शे का?’ मी कागदावर बोट ठेवलं. ठिकाणावर आहे, हे छापलंय त्यात!

तेव्हा सुवर्णा माझ्या उजवीकडे येऊन उभी राहिली. पूजेनंतर पहिल्यांदा पूर्ण दिसली. किती वाळलीय! डोळ्यांखाली काळं. ती ओरडली नाही. म्हणाली, ‘माय सांगे, नवराना डावा अंगले ऱ्हावानं. मॅडम बी सांगस, डावीकडेच बठ, म्हंजे ते तुनाकडे वळतीन. दिवसभर तठेच ऱ्हास मी. जेवस तुमना डावीकडे, झोपस तुमना डावीकडे. तुम्ही एक डाव बी देखं नही. आते जास मी.’

मला वाटलं होतं ती पाया पडेल. ती पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. पायऱ्यांवर तिच्या चपलांचा आवाज खालपर्यंत ऐकला. गोपाल दारातून म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही माले बोलनात ते चालीन. तिले बोलाले नको पाहिजे व्हतं.’ मग तोही गेला. पुन्हा येणार नाही असं दिसतं.

बरं झालं. दोघंही गेले.

३ फेब्रुवारी, सोमवार

शांत वाटतंय. म्हणजे वाटायला हवं. शोभाबाई जेवणाचा डबा ठेवून लगेच गेल्या. व्यायामाला न्यायला कुणी नाही, त्यामुळे काळ्या डब्यातलं गावही बंद. दिवसभर बांगड्या वाजल्या नाहीत. मी दोनदा हाक मारली. सवय, दुसरं काय!

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी पोटावर काहीतरी जड पडलं म्हणून जाग आली. लाल पट्टी शोधतो तशी मान वळवली, हनुवटी खांद्याला लागेपर्यंत. हात! तोच, जाड बोटांचा. कोरडा पडलेला.

सुवर्णा कामरेजला. गोपाल कारखान्यात. दाराला शोभाबाईंनी बाहेरून घातलेली कडी. मग हा कसा आला?

मनगट धरलं आणि जोर लावून खाटेबाहेर ओढलं. माझा खांदा ओढला गेला.