नवाब सापडला, भाऊजी!

नंदाखाल, सोमवार

आदरणीय आल्बर्टभाऊजी,

देवाच्या दयेने इकडे सगळे धडधाकट, कॅथरिनची कंबर तेवढी सोडून. तुमचा गुडघा नायगावच्या चौदाव्या मजल्यावर लिफ्टच्या भरवशावर सुखात असेल. ताईलाही विचारल्याचं सांगा.

ईस्टरच्या जेवणावर तुम्ही पंचवीस पाहुण्यांसमोर म्हणालात की रिटायर माणसाने केळी सांभाळावीत, फुलपाखरांमागे धावू नये, आणि आग्नेलला डोंगरात कधी ते नवाब नावाचं फुलपाखरू दिसलं तर मी उभा राहून माफी मागेन. (पंचवीसही जणांना ते अजून पाठ आहे.) तर भाऊजी, उभं राहायचा सराव सुरू करा. काल तुंगारेश्वरला नवाब सापडला!

बोळिंजच्या फुलपाखरू मंडळाबरोबर गेलो होतो. प्रमुख संजनाबाई. त्यांचे नियम फार: बोलायचं नाही, भडक घालायचं नाही, सेंट लावायचा नाही. सेंट मी लावला नव्हता, पण अकरा वाजता डबा उघडला आणि आत जवळ्याची चटणी, सुक्या मासळीचा भपकारा! (डोंगरावर जाताना आपल्यात दुसरं काय बांधतात?) अख्खं मंडळ नाक धरून उठलं. "अंकल, प्लीज, तिकडे लांब बसा ना," संजनाबाई म्हणाल्या. दुसरा कोणी असता तर तडक घरी गेला असता. मी ओढ्याकाठी खडकावर बसलो, भाकरीबरोबर चटणी संपवली आणि त्याच हाताने कपाळापासून मानेपर्यंत घाम पुसला. (वाटेत केस नसल्याने हात सरळ जातो.)

आणि नवाब आला! चार वर्षं मंडळ ज्याची झाडांच्या शेंड्यांकडे बघत वाट पाहत होतं, तो जवळ्याच्या वासाने आपण होऊन खाली उतरला. सगळे धावत आले. संजनाबाईंच्या डोळ्यांत पाणी. "अंकल, अजिबात हलू नका!" वीस मिनिटं मी श्वाससुद्धा बेताने घेतला. पुढच्या सहलीला जवळा मीच आणायचा, असा तिथेच ठराव झाला. लग्नाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. (हे कॅथरिनला कळू नये.)

तुमचा विजयी मेहुणा,
आग्नेल

ता.क. माफी रविवारी मिस्सा सुटल्यावर, आमच्या अंगणात. गुडघ्यासाठी खुर्ची ठेवतो, पण माफी उभ्यानेच.

ता.क. आणखी एक. नवाब माझ्या टकलावर बसला होता. त्यामुळे मंडळातल्या सगळ्यांनी तो पोटभर पाहिला, मी सोडून. माझा फोन ओढ्यात पडला, म्हणून मंडळाला फोटो ताईच्या फोनवर पाठवायला मी सांगितलेत. ते नीट बघून या आणि माफी मागताना तो दिसतो कसा तेही जरा सावकाश सांगा. मी सगळ्यांसमोर मान डोलावत राहीन.