चवड्याखालची क्लीट

रविवार, ७ जून
ओरेस्ते पडला! भर चौकात, कारंज्यासमोर, चर्च सुटायच्या वेळेला. माझ्या या मेहुण्याने यंदा नवं खूळ काढलंय – बुटाच्या तळाची क्लीट, पेडलमध्ये खटकन बसते ती, चवड्याखालून काढून पार मागे, तळपायाच्या खळग्याकडे नेलीय. म्हणे, चढावर पाय बधिर होत नाही. मग बूट पेडलच्या पुढे येणारच! हळू वळताना टोक पुढच्या चाकाला लागलं आणि स्वारी आडवी.

मी म्हटलं, "ओरेस्ते, ही सायकल आहे, अख्ख्या तळपायाने दाबायचं तुझ्या आईचं शिवणयंत्र नाही." अख्खा सायकल क्लब हसला. तोही हसला, जरा उशिरा.

मंगळवार, १६ जून
आता सगळे त्याला 'शिवणयंत्र' म्हणतात. बायको, नेवेस, चिडली. माझ्या भावाला छळू नका म्हणे. छळतंय कोण? आमच्याकडे पोराची पहिली क्लीट बाप बसवतो. माझ्या बापाने चवड्याखाली बसवली, बोटभरही मागे नाही. ओरेस्तेच्या बापानेही तिथेच बसवली होती. बापापेक्षा शहाणा झालाय!

रविवार, २८ जून
चढावर उजवा चवडा पेटला. निखाऱ्यावर ठेवल्यासारखा. उतरून बूट काढला. क्लबातल्या पोरांना सांगितलं, खडा गेलाय.

शनिवार, ११ जुलै
नवे बूट घ्यायला फ्लावियाच्या दुकानात. ही बया हल्ली बूट दाखवण्याआधी तळपाय चाचपते – डॉक्टरीणच जणू! म्हणाली, "सेव्हेरीनोकाका, या जोडाची क्लीटची भोकं पुढेच आहेत. त्या दुसऱ्याची मागेपर्यंत जातात. तुमच्या पायाला तोच घ्या."

पुढच्या भोकांचाच घेतला. क्लबातले दोघे शेजारी उभे होते ना!

रविवार, २ ऑगस्ट
ओरेस्ते आजही नाही. महिना झाला, फिरकलेला नाही. एकदा पडला काय, भ्याला. भागूबाई!

माझंही सांगण्यासारखं नाही. अर्धा चढ सायकल ढकलत गेलो. सप्टेंबरात क्लबाची ग्राप्पा डोंगराची चढाई. हे असंच राहिलं तर सायकल भिंतीला टांगायची. मग रविवारी काय करू? म्हाताऱ्यांत बसून पत्ते? भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं.

सोमवार, ३ ऑगस्ट
तळघराचं दार लावून नव्याकोऱ्या बुटाला ड्रिलने मागे भोकं पाडली. नेवेसला सांगितलं, फळी ठोकतोय.

गुरुवार, ६ ऑगस्ट
सीट जराशी खाली घेतली, एकटाच गेलो. चवडा गप्प! वरपर्यंत एकदाही उतरलो नाही. हवा गार होती, त्याचाच गुण असणार. ओरेस्तेचं श्रेय यात काडीचं नाही.

रविवार, ९ ऑगस्ट
पडलो. त्याच चौकात, त्याच कारंज्यासमोर, बुटाचं टोक चाकाला लागून. दोन्ही पाय वर, बुटाला मी पाडलेली भोकं गावाने पाहिली. कुणीतरी ओरडलं, "दुसरं शिवणयंत्र!"

एकटा ओरेस्ते हसला नाही. हातातला पाव बाकावर टाकून आला – लंगडत. मला उठवताना हळूच म्हणाला, "दाजी, मी जूनमध्येच क्लीट परत पुढे घेतली होती. तुमच्या जिभेपायी. चवड्याची नस गेली. सायकल विकली मी."

मग माझी सायकल ढकलत घरापर्यंत आला.