उजवी बाजू वर

मंगळवार, ४ नोव्हेंबर

पोचलो! एनिसहून तासाभराचा रस्ता. इरावती गाडीत बसल्या बसल्या झोपली, त्यामुळे मी एक वळण चुकलो हे तिला कळलं नाही. बरंच झालं.

आयर्लंडमध्ये गरम झऱ्याचं रियोकान, म्हणजे जपानी पद्धतीचं उतरायचं ठिकाण, असं सांगितल्यावर ओजस फोनवर खूप हसला होता. ‘हॉट टब विथ नोशन्स’ म्हणाला. म्हणजे शिष्टपणा चढलेला टब. आमचे चिरंजीव सँट्रीत राहतात. मराठी सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इंग्रजीतच. हसू दे. मी एकूण तीन ठिकाणं तपासली. विकलो काउंटीतलं बाद, कारण पाणी बॉयलरचं. केरीचं बाद, कारण तिथे कुंडात पोहण्याचे कपडे घालून उतरू देतात. मग विषयच संपला. हे मात्र अस्सल. पाणी जमिनीतून येतं. चटया खऱ्या गवताच्या, कडेला कापडी पट्टी शिवलेली. जेवण खोलीत, ट्रेमध्ये. मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जपानबद्दल जे कळतं ते स्वतः वाचून, आणि ते कुणाही पदवीवाल्याच्या तोडीचं आहे. इरावती हॉस्पिटलात लहान मुलांची डॉक्टर. डिग्र्या तिच्या, नियोजन माझं, अशी आमची वाटणी. वर्षभरात तिला ही पहिली सुट्टी मिळाली आहे. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं इथून जाईपर्यंत गेली पाहिजेत, एवढंच मी ठरवलंय.

आधी स्टुलावर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं. ते तिला शिकवलं. मग युकाता, म्हणजे पाहुण्यांना देतात तो सुती अंगरखा. पुस्तकातल्या चित्रात एक पुरुष आहे, त्याची डावी बाजू वर. मी माझा तसाच बांधला. इरावतीचा उजवी बाजू वर घेऊन बांधला. कारण उघड आहे: बायकांच्या शर्टाची बटणं उलट्या बाजूला असतात. मालकीण सातोबाई लगबगीने पुढे आल्या आणि काही सांगू लागल्या. मी त्यांना थांबवून मुद्दा नीट समजावून दिला, बारा पुस्तकं वाचल्याचंही सांगितलं. त्या मग इरावतीपुढे कमरेतून पार खाली वाकल्या. इरावती म्हणाली, अरे मुरली, तू आता जपान्यांना जपान शिकवणार का? मग म्हणाली, राहू दे, छान बांधलायस.

बुधवार, ५ नोव्हेंबर, सकाळी

न्याहारीचा एकच ट्रे आला. एक वाटी भात, एक मासा, एकच काड्यांची जोडी. बुकिंग दोघांचं आहे. खोलीची व्यवस्था बघणारी ब्रीडा इथलीच, क्लेअरची, बोलकी बाई. तिला तसं सांगितलं तर ती माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, खा हो थोडं, पोटात काही गेलं की ग्रँड वाटेल. इरावती समोरच बसली होती. हसून लोटपोट झाली. म्हणाली, बघ, तुझं अस्सल ठिकाण, यांना बायका दिसतच नाहीत. माझ्यातलाच अर्धा भात खाल्लान. चव लागत नाही म्हणाली. हात गार आहेत तिचे.

बुधवार, दुपारी

सातोबाईंशी बोललो. शब्द नीट उतरवून ठेवतो.

त्या म्हणाल्या, जिवंत माणसाची डावी बाजू वर. पुरुष असो, बाई असो, मूल असो. उजवी बाजू वर फक्त ज्याला निरोप द्यायचा त्याची. काल त्या तेच सांगायला आल्या होत्या. पण मी एवढ्या खात्रीने बोललो, की त्यांना वाटलं हा माणूस जाणूनबुजून आला आहे. असे पाहुणे इथे येतात म्हणे. कुणी आईला आणतं, कुणी लेकराला. शेवटची आंघोळ घालायला.

मी विचारलं, चूक झाली असेल तर दुरुस्ती काय? त्या म्हणाल्या, चुकून कुणी आणलं असं आजवर झालेलं नाही.

वडिलांच्या श्राद्धाला दरवर्षी जानवं उजव्या खांद्यावर घेतो मी. अपसव्य. गेलेल्यांसाठी सगळं उलटं, हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? बटणं आठवली, हे नाही आठवलं.

खोलीत येऊन तिचा युकाता सोडला. डावी बाजू वर घेतली, पट्टा आवळला. मान वर करून बघतो तर उजवी वर. पुन्हा सोडला. पुन्हा उजवी. शेवटी तो काढून तिचा स्वेटर घातला. ती म्हणाली, असा काय करतोयस?

गुरुवार, ६ नोव्हेंबर

ओजसचा फोन आला. तो रडत होता आणि मराठीत बोलत होता. बाबा, आई गेली हो. मंगळवारी दुपारी वॉर्डातच कोसळली. तुम्ही पुढे जा, ड्यूटी संपवून येते असं तीच तुम्हाला म्हणाली होती ना? दोन दिवस फोन करतोय, लागतच नव्हता.

मंगळवारी दुपारी ती माझ्या शेजारी गाडीत झोपली होती.

मी फोन स्पीकरवर टाकला. ती फोनवर वाकून म्हणाली, ओजस, वेडा आहेस का, ही काय मी इथे बसलेय. तो विचारत राहिला, आईला कुठली साडी नेसवायची. ती ओरडली. तो म्हणाला, बाबा, ऐकताय ना? शनिवारी अकराला दहन आहे.

तिला उचलून गाडीत बसवलं. फाटकाबाहेर पडलो आणि शेजारची सीट रिकामी. ओली. परत आलो तर ती चटईवर बसलेली, अंगात युकाता. म्हणाली, मध्येच कुठे गेला होतास?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ओजस आणि सूनबाई, स्वरांगी, मला न्यायला आले. इरावती उठून त्याच्यासमोर उभी राहिली, दोन्ही हातांनी त्याचा चेहरा धरला. तो शहारला. म्हणाला, बाबा, किती गारठा आहे इथे.

स्वरांगीने कपाटातले इरावतीचे कपडे पाहिले आणि रडू लागली. आईंची बॅगही तुम्ही घेऊन आला होतात, म्हणाली. एकेक घडी करून भरले. इरावती म्हणत होती, अगं ते असू दे, उद्या घालायचेत.

मी सांगितलं, ती इथे आहे. ओजसने खिशातून फोन काढून फोटो दाखवला. शवपेटीत हिरवी साडी, कपाळावर कुंकू. हनुवटीवरचा तीळ. इरावतीही माझ्या खांद्यावरून बघत होती. बराच वेळ. मग वॉर्डात बोलते तशा आवाजात म्हणाली, हो. मीच आहे.

मी त्यांच्याबरोबर गेलो नाही. म्हणालो, दहन करू नका, थांबवा. ओजस माझ्या पाया पडला. म्हणाला, बाबा, असं नका ना करू. उद्या सकाळी येतो, निघू या.

ती मला म्हणाली, जा तू. मुलगा एकटा पडेल.

नाही.

शनिवार, ८ नोव्हेंबर

दाराला आतून कडी घातली. ओजस बाहेर हाका मारत होता. मग स्वरांगीचा आवाज, उशीर होतोय रे. मग गाडी गेली.

इरावती भिंतीला टेकून बसली आहे. तिचा हात हातात घेऊन बसलोय. बर्फ.

—

हात कोमट वाटतोय! भास नाही, गालाला लावून पाहिला. गालांवर रंग आलाय. बुधवारपासून पहिल्यांदा. ती हसली. म्हणाली, बरं वाटतंय रे, ऊब येतेय. सातोबाईंना काय कळतं, दुरुस्ती होते, मी म्हणालोच हो—

घड्याळ. अकरा वाजून गेले.

ओजसला फोन लावतोय. बंद. सगळ्यांचे बंद. दहन चालू असताना बंदच ठेवतात ना—

खिडकी उघड म्हणाली. उघडली. अजून उघड म्हणतेय, सताड उघडी आहे. केसांतून वाफ. कढतंय रे मुरली, म्हणते. पाणी आण. कडी काढून कुंडाचं आणलं, ओतलं, चुर्र झालं—

ब्रीडाला हाक मारली. दारात उभी राहून छातीवर क्रॉसची खूण करतेय. काय करू सांगा कुणीतरी. बारा पुस्तकांत कुठेच—

हात सोड म्हणतेय. सोड, भाजेल तुला. नाही सोडणार. डाव्या हाताने लिहितोय. तिच्याखालची चटई काळी पडत चाललीये, कडेपासून, आणि माझा उजवा तिच्या