मुहूर्तावर जळालेला पंखा

गारखेडा, रविवार

तीर्थस्वरूप सुलेखाताईस मधूचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? नाशिकची हवा त्यांना मानवत नसावी, असा मला (वैद्यकीय शिक्षण नसताना) दाट संशय आहे. इकडं आम्ही ठीक. फक्त तुझी भावजय उमा शुक्रवारपासून माझ्याशी बोलत नाही.

त्याचं कारण मुळापासून सांगतो. पैठणच्या कोळ्याकडून घेतलेली जुनी नाव आमच्या अंगणात कडुनिंबाखाली उभी आहे, हे तुला माहीतच आहे. रोज संध्याकाळी मी तिच्यात जाऊन बसतो. (शेजारचे साहेबराव कुंपणावरून विचारतात, "काय कॅप्टन, लागला का किनारा?" विचारू देत.) वारा सुटला की पानं पाण्यासारखी वाजतात, डोळे मिटतात, आणि मी थेट नाथसागरावर असतो. खाली धरणात गेलेलं आपलं गाव. मारुतीच्या पारावर मासे टेकलेले, दारातली चिंच संथपणे डुलते आहे, आणि आई चुलीपुढं बसून ओल्या लाकडांवर फुंकर घालते आहे. मग उमा पाण्याची मोटर बंद करायला ओरडते आणि मी गारखेड्यात परत येतो.

तर, नावेच्या इंजिनात एक रबरी पंखा असतो, तळहाताएवढा. तो फिरून पाणी वर ओढतो आणि इंजिन थंड ठेवतो. जुना झिजला होता, म्हणून शहागंजच्या फकिरा मिस्त्रीनं नवा बसवून दिला. तू पंचांग पाहून फोनवर गुरुवार सकाळचा मुहूर्त काढून दिलास. मुहूर्त आला, नळ मात्र आला नाही. (आमच्या नळाचं पंचांग वेगळं आहे.) मी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि तुझा मुहूर्त टळू नये म्हणून इंजिन कोरडंच सुरू केलं. आवाज इतका गोड होता की मी आरतीसुद्धा म्हटली, सगळ्या कडव्यांसकट. शेवटच्या कडव्याला उदबत्तीपेक्षा वेगळा वास यायला लागला. फकिरानं येऊन इंजिन उघडलं आणि म्हणाला, "सायेब, पान्याबिगर फिरवलं व्हय? पार चिक्की झाली की पंख्याची!"

शुक्रवारी दुसरा पंखा बसवला. या वेळी इंजिनाचं खालचं टोक पाण्याच्या पिंपात बुडवून ठेवलं. इंजिन धडधडलं आणि कडेच्या भोकातून बारीक, कोमट धार उडाली. ताई, मला भरून आलं. मी बघतच राहिलो. पिंप ओसरलं की टाकीतून भरत होतो, धार वाहत होती, अंगण भिजत होतं. उमासुद्धा बाहेर आली, तिनं धार तळव्यावर घेतली आणि चक्क हसली. मग विचारलं, हे पाणी कुठलं? टाकीतलं, असं मी सांगितलं (नळ मंगळवारी येणार). तेव्हापासून अबोला.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गुडघ्यांना तेल.

तुझा मधू

ता. क. : पुढचा मुहूर्त नळाच्या दिवशीचा काढ.

आणखी ता. क. : उमा आत्ताच बोलली. म्हणाली, "ताई येणार असतील तर टँकर मागवा, नाहीतर राहू द्या."

शेवटचा ता. क. : गुडघ्यांमुळं नाथसागरावर नावेतून यायला जमणार नाही, असं तू फोनवर म्हणालीस, ते मी ऐकलेलं नाही. गाव सोडलं तेव्हा मी तुझ्या कडेवर होतो. पार, चिंच, आईची चूल, सगळं तूच सांगितलेलं. मला स्वतःला काहीच आठवत नाही. इंजिन सुरू मी करीन. पण एवढ्या पाण्यात ते बंद कुठं करायचं, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?